दुखतं नेमकं काय?

मघाशी जिना चढून वर येताना तुमच्यातल्या बऱ्याच जणांचा हात कठड्याकडे गेला. वरच्या पायरीवर कुणी दोन क्षण थांबलं. त्या थांबण्याबद्दलच, म्हणजे गुडघेदुखीबद्दल आणि तिच्यावरच्या एका उपचाराबद्दल, आज बोलायचं आहे.

"डॉक्टर, वंगण संपलंय", "वाटी झिजलीय" असं सांगत लोक येतात. झीज होते हे खरं. पण ज्या कूर्चेची, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत आवरणाची, झीज होते तिच्यात मज्जातंतूच नसतात, त्यामुळे ती स्वतः दुखू शकत नाही. दुखतं ते तिच्या शेजारचं: कूर्चेखालचं हाड आणि सांध्याचं आतलं अस्तर. हे अस्तर सुजलेलं राहिलं की तिथे नव्या, केसासारख्या रक्तवाहिन्या फुटतात आणि त्यांच्या कडेकडेने वेदना वाहून नेणारे तंतू वाढतात. म्हणून तर एखाद्याचा एक्स-रे फार वाईट असतो आणि तो बाजारहाट करून येतो, तर दुसऱ्याचा एक्स-रे बरा असूनही रात्री कूस बदलताना त्याला जाग येते.

या नव्या रक्तवाहिन्याच बंद केल्या तर? जपानचे डॉक्टर युजी ओकुनो यांनी ते करून पाहिलं. आधी १४ रुग्णांवरचा अनुभव, मग २०१७ मध्ये ७२ रुग्णांच्या ९५ गुडघ्यांचा. सगळे सौम्य ते मध्यम, झिजेच्या संधिवाताचे.

पूर्ण भूल लागत नाही. जांघेत जागा बधिर करून सुईच्या छिद्रातून एक नळी धमनीत सरकवतात आणि तिच्या आतून त्याहून बारीक नळी गुडघ्यापर्यंत नेतात. डाय, म्हणजे एक्स-रेत दिसणारा द्रव, सोडला की पडद्यावर धमन्यांच्या काळ्या रेषा उमटतात आणि पुसल्या जातात. दुखऱ्या भागात मात्र रेषा गेल्यावरही एक करडा डाग रेंगाळतो, टिपकागदावर शाई पसरावी तसा. आम्ही त्याला 'ब्लश' म्हणतो. त्याच क्षणी टेबलावरचा माणूस कधी कधी म्हणतो, "हां, हेच! इथंच दुखतं!" हे ऐकलं की वाट बरोबर सापडली याची खात्री पटते.

मग त्या नव्या वाहिन्या बंद करणारे कण सोडायचे. ओकुनो यांनी मुख्यतः इमिपेनेम-सिलास्टॅटिन हे प्रतिजैविक वापरलं. ते डायमध्ये नीट विरघळत नाही, त्याचे सूक्ष्म स्फटिक वाट अडवतात आणि पुढे विरून जातात. काही ठिकाणी कायम राहणारे बारीक गोळे वापरतात. डाग फिका झाला की हात आवरायचा, मूळ धमनी वाहती राहिलीच पाहिजे. कातडीकडे कण जाऊ नयेत म्हणून गुडघ्यावर बर्फ ठेवतात, थंडीने तिथल्या वाहिन्या आक्रसतात. तरीही काहींच्या कातडीवर डाग उठतो, तो बहुधा काही आठवड्यांत जातो. बहुतेक जण त्याच दिवशी घरी जातात.

आता जे सांगतो ते मन लावून ऐका. अमेरिकेत २१ रुग्णांच्या एका अभ्यासात, महिन्याभरानंतर खऱ्या उपचाराचा गट खोट्या उपचाराच्या गटापेक्षा सरस ठरला. नंतर नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमला ५८ रुग्ण घेतले. त्यातल्या काहींच्या धमनीत खरोखर कण सोडले, काहींवर फक्त तसा देखावा केला, आणि कुणाला काय मिळालं हे रुग्णांना कळू दिलं नाही. चार महिन्यांनी दोन्ही गटांचं दुखणं कमी झालं होतं, जवळपास सारखंच. हा निकाल या उपचाराच्या बाजूचा नाही, तरी असा अभ्यास झाला याचं मला समाधान आहे. समोर बसलेल्या माणसाला हे सांगितल्याशिवाय मी त्याची सही घेत नाही. आशा द्यायची तर पूर्ण माहितीसकट द्यायची.

झिजलेली कूर्चा यातून परत येत नाही. पाय धनुष्यासारखे वाकले असतील, हाडावर हाड घासत असेल, तर सांधेबदलाबद्दलच बोलावं. मांडीचा व्यायाम, वजन, फिजिओथेरपी हे आधी मनापासून केलेलं असावं. ते करूनही दुखतंय, आणि मोठी शस्त्रक्रिया नको आहे किंवा हृदयामुळे झेपणार नाही, अशा माणसासाठी या उपचाराचा विचार करता येतो.

तपासायला याल तेव्हा उभं राहून काढलेला एक्स-रे आणा. झोपून काढलेल्यात सांध्यातली फट आहे त्यापेक्षा मोठी दिसते. मूत्रपिंडाचा त्रास किंवा डायची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगा. आणि मी विचारीन, "कुठे दुखतं?" तेव्हा पूर्ण पंजा गुडघ्यावर ठेवू नका. एक बोट ठेवा.