राष्ट्रीय संग्रहातली वस्तू छोट्या संग्रहालयात येते कशी?

नमस्कार! ही गोष्ट आहे स्कॉटलंडच्या लुईस बेटाची. 1831 मध्ये तिथल्या वाळूत 93 वस्तू सापडल्या. त्यातली बहुतेक बुद्धिबळाची मोहरी होती, 12व्या शतकातली, वॉलरसच्या सुळ्यांतून कोरलेली. गालाला हात लावून बसलेली राणी, ढालीला कडकडून चावणारा योद्धा! आज यातल्या 82 लंडनच्या ब्रिटिश म्युझियमकडे आणि 11 एडिनबर्गच्या राष्ट्रीय संग्रहालयाकडे आहेत. लुईसवर मात्र 2016 मध्ये नवं संग्रहालय उघडलं, तेव्हा लंडनहून सहा मोहरी तिथे दीर्घ मुदतीसाठी उसनी आली. आता बेटावरची मुलं ती आपल्याच बेटावर पाहतात. मला हे फार मोलाचं वाटतं.

मग सगळीकडेच असं का होत नाही? उत्तर बहुतेक वेळा हवेत आणि उजेडात सापडतं. हस्तिदंत, लाकूड, कागद दमट हवेत फुगतात, कोरड्या हवेत आकसतात. हे वारंवार झालं की तडे जातात. म्हणून आर्द्रता साधारण 40 ते 60 टक्क्यांत, आणि मुख्य म्हणजे स्थिर लागते. जुनं कापड किंवा कागदावरचं चित्र असेल तर प्रकाश 50 लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) आसपास ठेवतात, कारण उडालेला रंग परत येत नाही. शिवाय पक्की काचपेटी, पहारा, विमा. वस्तू निघताना आणि पोचल्यावर तिची बारकाईने तपासणी होते, प्रत्येक चीर नोंदवली जाते. हे सगळं दाखवता आलं नाही, तर मोठं संग्रहालय वस्तू देत नाही. आणि ते बरोबरच आहे.

ही अट जुनी आहे. 1801 मध्ये फ्रान्सने राष्ट्रीय संग्रहातली चित्रं 15 शहरांना वाटायचं ठरवलं, तेव्हाच बजावलं होतं: आधी स्वखर्चाने योग्य दालन उभारा, मग चित्रं येतील.

पण नुसती अट घालून हात झटकणं मला पटत नाही. छोट्या संग्रहालयाकडे बहुतेकदा इमारत असते, जतनाचं काम जाणणारा माणूस नसतो. तेव्हा वस्तूसोबत प्रशिक्षण यायला हवं, तेही उद्घाटनाच्या आधी. मुदतही चार-सहा महिन्यांची नको. एवढ्यात शाळांच्या सहलीसुद्धा आखून होत नाहीत.

फ्रान्समध्येच लांस या जुन्या खाणगावात, बंद पडलेल्या कोळसा खाणीच्या जागेवर 2012 मध्ये पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाची शाखा उघडली. तिचा स्वतःचा संग्रह नाही. 120 मीटर लांबीच्या एकाच दालनात लूव्रमधून आलेल्या कलाकृती कालक्रमाने मांडल्या, आणि खालच्या मजल्यावर काचेतून कोठारही पाहता येतं. म्हणजे जतनाचं कामसुद्धा लोकांपुढे मांडलेलं. माझ्या मते छोट्या संग्रहालयांनी लांसकडून आधी उचलावं ते हे.

तुमच्या भागातली एखादी वस्तू दूरच्या मोठ्या संग्रहात आहे का? कोणती, ते कॉमेंटमध्ये नक्की लिहा.