नमपायमध्ये सॉर्ट करताना ओळी फुटू देऊ नका

नमस्कार. नमपाय ही पायथन भाषेतली लायब्ररी; ती आकड्यांच्या अ‍ॅरेवर, म्हणजे एकत्र मांडलेल्या आकड्यांवर, काम करते. तिच्यात सॉर्ट करणं, म्हणजे क्रम लावणं, समजायला आज वाशीच्या एपीएमसीतलं कांदा-बटाटा मार्केट घेऊ. तीन गाळे, प्रत्येकाची एक ओळ: गाळा नंबर, किलोचा भाव, गोण्या. आकडे समजण्यापुरते घेतलेत.

[स्क्रीनवर: १४, २२, ६० / ३१, १८, ४५ / ५२, २५, ३०]

स्वस्त कांदा वर हवाय. बरेच जण थेट एनपी डॉट सॉर्ट लिहितात, आणि इथेच डेटाची वाट लागते. अ‍ॅक्सिस (कोणत्या दिशेने क्रम लावायचा ते) दिला नाही, तर टू-डी, म्हणजे ओळी-कॉलमांच्या, अ‍ॅरेत नमपाय प्रत्येक ओळीच्या आतले आकडे लावतं. दुसरी ओळ बघा: १८, ३१, ४५. गाळा नंबर १८, भाव ३१! असा गाळा यादीत नव्हताच.

मग अ‍ॅक्सिस शून्य दिला जातो. ते जास्त घातक, कारण निकाल बरोबर दिसतो. प्रत्येक कॉलम आपापला लागतो आणि पहिली ओळ येते १४, १८, ३०. भाव चढत्या क्रमाने, एरर नाही, वॉर्निंग नाही. पण १८ रुपये भाव होता ३१ नंबरच्या गाळ्याचा आणि ३० गोण्या ५२ नंबरच्या. तीन गाळ्यांचा हिशेब एका ओळीत मिसळला. हजारो ओळींत हे नजरेला पडणंच अशक्य.

म्हणून आकडे हलवू नका, आधी क्रम काढा. भावाच्या कॉलमवर आर्गसॉर्ट चालवा. उत्तर येतं १, ०, २. हे भाव नाहीत, ओळींच्या जागा आहेत, शून्यापासून मोजलेल्या. ही यादी मूळ अ‍ॅरेच्या चौकटी कंसात द्या, की अख्ख्या ओळी हलतात: आधी गाळा ३१, मग १४, मग ५२. माझं ठाम मत आहे, टेबलासारखा डेटा असेल तर सवय आर्गसॉर्टचीच लावा.

भाव सारखा असेल तर गोण्यांवरून लावायचं? लेक्ससॉर्ट. यात मुख्य कॉलम शेवटी द्यायचा: आधी गोण्या, मग भाव. उलटं दिलंत तर गोण्यांवरून क्रम लागेल. आणि सारख्या भावांचा मूळ क्रम तसाच राहायला हवा असेल, तर आर्गसॉर्टला काइंड, म्हणजे सॉर्टची पद्धत, म्हणून स्टेबल द्या. डीफॉल्ट क्विकसॉर्ट ती हमी देत नाही.

उतरत्या क्रमासाठी मायनस लावून आर्गसॉर्ट करतात. चालतं, पण आधी डीटाइप, म्हणजे आकडे कोणत्या प्रकारात साठवलेत ते, तपासा. गोण्या यूइंट१६ मध्ये, म्हणजे ऋण आकडे न मावणाऱ्या प्रकारात, असतील तर मायनस ६० चे होतात ६५४७६, आणि शून्य शून्यच राहतं. म्हणजे ज्या गाळ्यावर एकही गोणी नाही, तो सगळ्यात वर! आधी इंट६४ करून घ्या, त्यात ऋण आकडे मावतात. सॉर्ट करून अ‍ॅरे उलटा केलात, तर शेवटी गेलेले नॅन, म्हणजे आकडा नसलेल्या नोंदी, पुढे येतात, तेही बघा.

सीएसव्ही फाइलीतून भाव मजकूर म्हणून आले असतील तर १०० हा १८ च्या आधी लागतो आणि ९ सगळ्यात शेवटी. आधी फ्लोट, म्हणजे दशांश आकडे, करा.

आणखी एक, ए डॉट सॉर्ट जागच्या जागी सॉर्ट करतं आणि परत देतं नन, म्हणजे पायथनचं ‘काहीच नाही’. ते पुन्हा ए मध्ये भरलंत, की तुमच्या हातातला अ‍ॅरे गेला.

लाखो ओळींतून फक्त सगळ्यात स्वस्त पाच गाळे हवेत? सगळं सॉर्ट कशाला करायचं? आर्गपार्टिशनला भावाचा कॉलम आणि ४ द्या (शून्यापासून मोजून पाचवी जागा), पहिल्या पाच जागा घ्या. ते पाच आपसात क्रमाने नसतील, तेवढ्याच पाचांवर आर्गसॉर्ट चालवा.