पंप नवा, तरी गाडी बंद का पडते?

मागची सीट उचलून बाजूला ठेवली आहे. तिच्याखालच्या गोल झाकणातून या गाडीच्या टाकीतला पेट्रोलपंप कालच बदलला. किल्ली फिरवताच इंजिन सुरू होते, अर्धा मिनिट नीट चालते, मग आचके देत बंद पडते. थोडे थांबून पुन्हा किल्ली फिरवली तर पुन्हा तेच घडते. नवा पंपच सदोष निघाला असे समजून आणखी एक पंप आणण्याची घाई अशा वेळी होते. ती टाळावी, कारण गाडी किती वेळाने बंद पडते यावरूनच दोषाचा पहिला माग लागतो.

कार्ब्युरेटरच्या मारुती ८०० मध्ये पंप इंजिनालाच जोडलेला असे आणि कॅमशाफ्टच्या फिरण्यावर चाले. इंजेक्शनच्या, म्हणजे पेट्रोल दाबाने फवारणाऱ्या गाडीतला पंप विजेचा असतो, टाकीत बुडालेला असतो आणि तो कधी चालवायचा हे ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा संगणक, ठरवतो. किल्ली ‘ऑन’ होताच ईसीयू पंप साधारण २-३ सेकंद चालवून नळीत दाब तयार करतो. त्यानंतर इंजिन फिरत असल्याची खूण इंजिनाच्या दांड्याचे फिरणे टिपणाऱ्या क्रँक सेन्सरकडून मिळत राहिली, तरच रिलेमधून (ईसीयूच्या इशाऱ्यावर चालणाऱ्या स्विचमधून) पंपाला वीज मिळत राहते. अपघातात इंजिन थांबले आणि नळी फुटली, तर पेट्रोल वाहत राहू नये, हा या रचनेचा मोठा फायदा आहे. म्हणूनच २-३ सेकंदांत बंद पडणारी गाडी बहुधा त्या साठलेल्या दाबावरच चाललेली असते, आणि तेव्हा रिले, वायरिंग व सेन्सर आधी पाहावेत. काही गाड्यांत इमोबिलायझरने (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेने) किल्ली ओळखली नाही तरी हेच लक्षण दिसते.

आपल्यासमोरची गाडी मात्र त्याहून जास्त वेळ चालते. नळीला प्रेशर गेज लावल्यावर सुरुवातीचा दाब योग्य दिसतो. अनेक गाड्यांत तो ३ ते ४ बार असतो, नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहावा. मग काटा हळूहळू खाली येऊ लागतो. चालू पंपाचा दाब असा उतरतो, तेव्हा टाकीच्या आत पाहणे भाग असते. पंपाच्या तोंडाशी असलेली ओ-रिंग बसवताना चिमटली गेली, किंवा पंपाच्या नळीचा क्लिप सैल राहिला, तर पेट्रोल टाकीतच परत उडते आणि बाहेर ना थेंब दिसतो, ना वास येतो. टाकीतल्या त्या छोट्या नळीच्या जागी बाजारातली साधी पेट्रोलची नळी कधीही घालू नये. ती आतून पेट्रोल सोसते, पण बाहेरूनही पेट्रोलात बुडालेली राहिली की फुगते आणि चिरते. पंपाखालची जाळी दुमडली असेल, किंवा टाकीतल्या गंजाने भरली असेल, तरी पंप कोरडा ओढत राहतो.

येथे हे सारे ठीक निघाले. मग मल्टिमीटर पंपाच्या कनेक्टरवर, पंप चालू असतानाच, लावला. हा तपशील महत्त्वाचा आहे: कनेक्टर सोडवून मोजले तर जळकी पिनही पुरेसे व्होल्ट दाखवते, कारण तिच्यातून करंट वाहतच नसतो. बॅटरीवर १४ व्होल्ट असताना पंपापाशी आधी १२, आणि गाडी बंद पडता पडता ९ व्होल्ट दिसले. जुना पंप जाम होत जाताना जास्त करंट ओढत होता आणि त्या उष्णतेने कनेक्टरची एक पिन काळी पडली होती. नवा पंप त्याच पिनवर जोडला गेला. ती तापली की तिचा रोध वाढे, पंप मंदावे आणि दाब पडे.

दाब आणि व्होल्ट दोन्ही टिकले असते, तर तपास हवेकडे वळला असता. ॲक्सिलरेटर थोडा दाबून धरल्यावर गाडी चालते आणि सोडताच बंद पडते, तेव्हा कार्बन धरलेली थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) किंवा निसटलेला हवेचा पाइप तपासावा. बराच वेळ चालून बंद पडणाऱ्या गाडीच्या टाकीचे झाकण उघडताना हवा जोरात आत ओढली गेली, तर टाकीत हवा येण्याची वाट बंद झाली आहे.

टाकी उघडताना बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलेलीच हवी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत साठते आणि एका ठिणगीने पेटते.

कनेक्टर नव्या पिनसह बदलल्यावर पंपापाशी १३.६ व्होल्ट आले. इंजिन गरम होऊन रेडिएटरचा पंखा सुरू झाला, तरी गेजचा काटा जागचा हलला नाही.