घरातलं कच्चं लिंबू कोण?

(वाचनालयाच्या उन्हाळी व्याख्यानांतल्या एका भाषणाचं संपादित रूप)

नमस्कार. एवढ्या उन्हात आणि तेही खेळावरच्या भाषणाला तुम्ही आलात, म्हणजे घरोघरी मुलांना सुट्टी लागलेली दिसते. मागच्या रांगेतले दोघं तर मोबाइल काढून घेतल्यामुळेच आलेत, त्यांच्या चेहऱ्यावरून कळतंय.

मला दिलेला विषय आहे, घरासाठी डोकं लावून खेळायचा नवा बोर्ड गेम कसा निवडावा. ओळखीतलं कुणीतरी महिन्यातून एकदा तरी विचारतं, ‘सगळ्यात चांगला कोणता हो?’ त्यावर मी उलटा प्रश्न करते, तुमच्या घरातलं कच्चं लिंबू कोण?

आठवतंय ना? लपाछपीत धाकट्या भावंडाला घ्यावंच लागायचं, नाहीतर ते आईकडे जाऊन रडायचं. मग त्याला कच्चं लिंबू करायचं. पकडलं तरी त्याच्यावर राज्य नाही. थोडा वेळ ते खूश असायचं. मग त्याच्या लक्षात यायचं की आपण पळतोय खरे, पण आपल्याला कुणी शोधतच नाहीये. टेबलावरच्या खेळातही हेच होतं, फक्त तिथलं कच्चं लिंबू वयानं लहान असेलच असं नाही. आमच्या घरात ते माझे यजमान आहेत. नियम सांगायला लागले की तिसऱ्या मिनिटाला त्यांचा हात चष्म्याकडे जातो आणि पाचव्या मिनिटाला पेपरकडे.

हे मला पैसे घालवून कळलं. काही वर्षांपूर्वी मी एक भलामोठा डबा घेतला. नाव सांगत नाही, खेळाचा काही दोष नव्हता. नियमांची पुस्तिका दिवाळी अंकाएवढी. नुसती प्यादी वेगळी करून मांडायलाच चाळीस मिनिटं गेली. दोन तासांनी काय चित्र होतं? सात वर्षांचा नातू मुठीत दोन लाकडी सैनिक घेऊन सतरंजीवर झोपलेला, सासूबाई आतल्या खोलीत कीर्तन लावून बसलेल्या, आणि यजमान तिसऱ्यांदा विचारतायत, ‘माझी पाळी आली का?’ डबा आता कपाटाच्या वर, मिक्सरच्या खोक्याशेजारी असतो. दोन भाचे आले की तो खाली येतो, ते रात्री दोनपर्यंत खेळतात. म्हणजे खेळ उत्तमच होता. मी तो घरातल्या सगळ्यात हुशार माणसाकडे बघून घेतला होता, इतकंच.

‘माझी पाळी आली का?’ हे वाक्य लक्षात ठेवा, मी पुन्हा त्यावर येणार आहे.

आपल्यापैकी बहुतेकांचा पहिला मोठा खेळ म्हणजे व्यापार. मूळ मोनोपॉलीचं आपल्याकडचं रूप. या खेळाची गंमत अशी की त्याचा पूर्वज लिझी मॅगी नावाच्या अमेरिकन बाईंनी जमीनदारी किती वाईट हे दाखवायला केला होता, १९०४ साली त्यांना त्याचं पेटंट मिळालं. जागा अडवून भाडं खाणारा एकटा श्रीमंत होतो आणि बाकीचे भिकेला लागतात, हे लोकांना खेळून कळावं म्हणून! त्यामुळे व्यापार खेळताना तुम्हाला चीड येत असेल, तर खेळ बरोबर चाललाय असं समजा. पण कुटुंबाच्या दृष्टीनं तो अवघड. पहिला माणूस दिवाळखोर झाला की त्यानं पुढचा दीड तास करायचं काय? चहा. आणि तो चहा बहुतेक वेळा आईच करायची.

जर्मनीत मात्र घरी एकत्र बसून खेळण्याची पद्धत जोरात आहे. तिथे १९७९ पासून दरवर्षी ‘श्पील देस यारेस’, म्हणजे वर्षाचा खेळ, असा पुरस्कार देतात. या परंपरेतल्या बहुतेक खेळांत मधेच कुणी बाद होत नाही आणि डाव कधी संपणार हे ठरलेलं असतं. तुम्हाला एक उपयोगाची खूण सांगते. डब्यावर लाल सोंगटी छापलेली असेल तर तो हा मुख्य पुरस्कार, म्हणजे घरातल्या सगळ्यांसाठीचा खेळ. निळी सोंगटी लहान मुलांच्या खेळांना. काळपट करडी सोंगटी २०११ पासून सुरू झाली, ती मुरलेल्या भिडूंच्या खेळांना. पहिला डबा घेताना करड्या सोंगटीच्या वाटेला जाऊ नका. मी गेले होते.

आता कटान. क्लाउस टॉयबर हे दातांच्या कवळ्या वगैरे बनवणारे तंत्रज्ञ, त्यांनी तो केला आणि १९९५ साली त्याला लाल सोंगटी मिळाली. एक बेट, त्याचे १९ षट्कोनी तुकडे. लाकूड, विटा, मेंढ्या, गहू, खनिज असं काहीतरी प्रत्येक तुकड्यात पिकतं, एक तेवढं वाळवंट. त्या वाळवंटाखेरीज प्रत्येक तुकड्यावर एक आकडा. दोन फासे टाकायचे, जो आकडा पडेल त्या तुकड्याशेजारी ज्याचं घर, त्याला तो माल.

मी गणिताची बाई, त्यामुळे आता फळा आलाच. दोन फाशांच्या शक्यता ३६. सात ही बेरीज सहा तऱ्हांनी पडते. सहा आणि आठ प्रत्येकी पाच तऱ्हांनी. दोन आणि बारा मात्र एकेकाच तऱ्हेनं. खेळ करणाऱ्यानं काय केलंय बघा, प्रत्येक आकड्याखाली तेवढे ठिपके छापलेत. आठखाली पाच, बाराखाली एक. माझ्या नातीला संभाव्यता हा शब्दही माहीत नव्हता तेव्हा ती सासूबाईंना सांगत होती, ‘पणजी, बाराजवळ घर नको बांधूस, तिथे एकच ठिपका आहे.’ हा धडा मी शाळेत वर्षानुवर्षं शिकवला, इतक्या सहज कधी जमला नाही.

आणि आता ते पाळीचं वाक्य. कटानमध्ये फासे कुणीही टाकोत, माल तुम्हालाही मिळू शकतो. शिवाय ज्याची पाळी आहे त्याला विटा हव्या असतील तर तो तुमच्याकडेच येणार. त्यामुळे हातात मालाचे पत्ते धरून बसलेला माणूस सतत गिऱ्हाइकाच्या प्रतीक्षेत असतो. आमच्या सासूबाई शहात्तर वर्षांच्या. नियम निम्मेच कळलेले. पण नात म्हणाली, ‘पणजी, एक गहू दे ना,’ तर यांचं उत्तर, ‘दोन मेंढ्या घेईन.’ ‘दोन? एका गव्हाला?’ ‘मग राहू दे. मला काय घाई आहे?’ आणि पत्ते छातीशी धरून डोळे मिटून बसल्या. मिळाल्या दोन मेंढ्या.

तरी कटान पहिला खेळ म्हणून मी सगळ्यांना सांगत नाही. एक तर मूळ डब्यात तीन किंवा चारच जण खेळतात. पाचवा, सहावा भिडू हवा तर वेगळा जोडडबा घ्यावा लागतो. दुसरं म्हणजे सगळ्यात कठीण निर्णय अगदी सुरुवातीला येतो. पहिली दोन घरं कुठे बांधायची, हे तुम्हाला खेळ कळायच्या आधी ठरवावं लागतं, आणि तिथे चुकलात की तासभर बिनपिकाचे बसता. त्यासाठी पुस्तिकेत नवशिक्यांची तयार मांडणी दिलेली असते, ती आधी वापरा. त्यात कमीपणा नाही. आणि सात पडल्यावर चोर येतो, दुसऱ्याचा माल पळवतो. सात वर्षांच्या मुलाचा माल सख्ख्या बहिणीनं पळवला की काय होतं ते आमच्या शेजाऱ्यांनीही ऐकलंय.

यजमानांचा प्रश्न सुटला तो तिकीट टू राइडवर. ॲलन मून यांचा खेळ, २००४ ची लाल सोंगटी. नकाशावर आगगाडीचे मार्ग, ते घ्यायला त्या त्या रंगाचे पत्ते साठवायचे. आठ रंग आणि कुठेही चालणारं इंजिन. मी नियम सांगायला लागले तर हे म्हणाले, ‘म्हणजे रमीच की, इंजिन म्हणजे जोकर.’ बरोबर! पेपर बाजूला गेला. तेव्हापासून मी लोकांना विचारते, तुमच्या घरात पत्त्यांत काय चालतं? रमीवाल्या घराला हा खेळ द्या. चॅलेंजमध्ये बिनदिक्कत खोटं बोलणारी मंडळी असतील तर त्यांना कटानची घासाघीस आवडेल. बदाम सातवाल्यांना पत्ता दाबून समोरच्याची वाट अडवण्यातली मजा आधीच माहीत असते, तेही गाडीत बसतील. बसतात पाच जण, हा त्याचा फार मोठा गुण. मूळ पट अमेरिकेचा आहे. भारताचा पटही वेगळा मिळतो, पण त्यासाठी मूळ डब्यातल्या गाड्या लागतात. नुसता नकाशा मागवून फसू नका.

ज्यांना इंग्रजी वाचायचा कंटाळा, त्यांच्यासाठी अझूल. खेळताना एक अक्षर वाचावं लागत नाही. पाच रंगांच्या प्रत्येकी २० फरश्या, त्या उचलून आपल्या भिंतीवर नक्षी जुळवायची. गोव्यात, पणजी शहरात, जुन्या घरांवर निळ्या-पांढऱ्या चिनी मातीच्या फरश्या पाहिल्या असतील, अझुलेजो, पोर्तुगीजांनी आणलेल्या. त्यांवरूनच हा खेळ सुचला. फरश्या हाताला गुळगुळीत लागतात, पिशवीत खुळखुळतात. म्हातारी माणसं आणि मुलं दोघांनाही ते आवडतं. पण दिसतो तसा तो गरीब नाही. नको असलेल्या फरश्या समोरच्याच्या गळ्यात मारता येतात, आणि ज्याच्या जमिनीवर त्या सांडतील त्याचे गुण जातात. आमच्या सूनबाई एरवी फार मवाळ आहेत. अझूलमध्ये नाहीत.

रडीचा डाव खेळणारी मुलं घरात असतील तर सगळ्यांनी मिळून पटाविरुद्ध खेळायचे खेळ असतात. जिंकलो तर सगळे, हरलो तर सगळे. पँडेमिक हा त्यातला नावाजलेला, २००८ चा, म्हणजे करोनाच्या कितीतरी आधीचा. जगात चार रोग पसरतायत आणि आपण डॉक्टर, शास्त्रज्ञ वगैरे. रड थांबते हे खरं. पण इथे दुसरं दुखणं उपटतं. एक जाणता माणूस सगळ्यांच्या खेळ्या सांगायला लागतो, ‘तू इकडे जा, तू हा पत्ता टाक.’ बाकीचे त्याचे नुसते हात. म्हणजे एकाला सोडून सगळेच कच्चे लिंबू! ज्या घरात असा माणूस आहे, आणि तो कोण हे इथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे, त्या घरानं जपून.

(श्रोत्यांतून प्रश्न : आम्ही दोघंच असतो, मुलं परदेशात. आमच्यासाठी काय?)

छान विचारलंत. कटान बाद, त्याला तिघं लागतातच. अझूल दोघांत झकास चालतो. पण मी कारकासॉन सांगेन. फ्रान्समधल्या तटबंदीच्या गावाचं नाव आहे ते. ७२ चौकोनी तुकडे. पाळीला एकच उचलायचा आणि रस्त्याला रस्ता, तटाला तट लागेल असा ठेवायचा. झालंच तर वर आपला एक लाकडी माणूस उभा करायचा. त्या माणसाला मीपल म्हणतात. त्यात शेतकऱ्यांचे गुण मोजायचा एक किचकट नियम आहे, पहिले चार-पाच डाव तो गाळूनच खेळा, काही बिघडत नाही. ऑनलाइनही हा खेळता येतो, तेव्हा मुलं अमेरिकेत असतील तर तुमच्या रविवारी सकाळी त्यांच्याशी त्यांच्या शनिवार रात्रीचा एक डाव होईल. ‘जेवलास का, काय जेवलास’ च्या पुढे बोलणं जात नसेल तर फारच उपयोगी.

खर्चाचं म्हणाल तर हे डबे काही हजारांत जातात, हे मान्य. म्हणून आधी कुणाकडे तरी खेळून बघा. फार स्वस्त मिळाला तर नकली असण्याची शक्यता धरा. कारकासॉनच्या तुकड्यांची जाडी कमीजास्त असली तर न बघताही कुठला तुकडा ते बोटांना कळतं, मग खेळ संपलाच. आणि काहीच खर्च करायचा नसेल तर वाघ-बकरी आहे. खडूनं पट काढा, चिंचोके आणि खडे घ्या. एका बाजूला मूठभर वाघ, दुसरीकडे बकऱ्यांचा कळप, दोघांचे नियम वेगळे. हल्लीचे खेळ करणारे या असमान बाजूंचं फार कौतुक करतात, आपल्याकडे ते देवळाच्या ओट्यावर कोरलेलं असायचं.

शेवटचं एक काम मात्र निवडीइतकंच महत्त्वाचं. डबा आला की आदल्या रात्री एकानं एकट्यानं बसून, दोन्ही हातांनी दोघांचा डाव खेळून बघावा. पाहुणे जमल्यावर पुस्तिका मोठ्यानं वाचायची नाही. सत्यनारायणाची पोथी नाही ती.

आता बोलणं पुरे. मागे चार टेबलं मांडली आहेत. खिडकीजवळ अझूल, दाराशी तिकीट टू राइड, मधल्या दोन्हींवर कारकासॉन. एका टेबलावर एका घरातले सगळे बसू नका, सरमिसळ करा. आणि ज्यांनी मघाशी ‘मी नुसता बघतो’ म्हणून खुर्ची मागे सरकवली, ते निळा शर्टवाले काका, तुम्ही आधी या. पहिला तुकडा तुम्ही उचला.