लॅकरखालची नागअळी

गाडीच्या अ‍ॅलॉय, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या, चाकावरचे हे डाग चिखलाचे नाहीत. साबण लावा, पाण्याचा फवारा मारा, हलणार नाहीत. जरा जवळून पाहा. पारदर्शक लॅकरच्या खाली केसासारख्या पांढऱ्या, नागमोडी रेघा पसरल्यात. पानाच्या सालीखालून नागअळी फिरते ना, अगदी तशा.

अ‍ॅल्युमिनियम गंजत नाही, असं आपण धरून चालतो. ते अर्धंच खरं. उघड्या अ‍ॅल्युमिनियमला हवा लागताच त्यावर ऑक्साइडचा पापुद्रा धरतो. जाडी जेमतेम काही नॅनोमीटर, पण आतल्या धातूला राखतो तोच. मग खडा उडतो, नाहीतर चाक फुटपाथच्या कडेला घासतं. लॅकरचा टवका जातो. तिथून खारं पाणी शिरतं, त्यातलं क्लोराइड तो पापुद्रा फोडतं आणि ओल आत कोंडली की गंज लॅकरखालून वाट काढत सुटतो. लोखंडाचा गंज तांबडा, याचा पांढरा भुरका.

चाक काढताना नट आधी जरासे सैल करायचे, चाक जमिनीवर टेकलेलं असतानाच. मग जॅक. जॅकच्या जोडीला स्टँड हवाच, यात चालढकल नको.

चाकाच्या आतल्या बाजूला ब्रेकची काजळी बसलेली असते. लोहकण विरघळवणारं क्लीनर त्यावर मारलं की हे असे जांभळे ओघळ येतात. कॉस्टिक सोड्याच्या वाटेला मात्र जाऊ नका. तो काजळीबरोबर अ‍ॅल्युमिनियमही खातो.

धुतलेलं चाक उजेडात फिरवून पाहायचं. तडा दिसला किंवा कडा वाकलेली असली, तर काम इथेच थांबलं. रंगाखाली तडा लपवणं म्हणजे जिवाशी खेळ. चाकाच्या तोंडावर लेथने कापलेल्या बारीक गोल रेषांची चमक असेल, तर तीही हाताने घासून परत येत नाही. असं चाक घरी करायचं, तर एकरंगीच करावं लागतं.

आता घासकाम. खरं काम हेच. ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग १२०, २४०, ४००. पाणी मारत घासायचं, म्हणजे धूळ उडत नाही. तरी तोंडावर मास्क हवा. फसगत होते ती इथे. डोळ्याला रेघ संपलेली दिसते, पण लॅकर तिच्याही पुढे सुटलेलं असतं. म्हणून नितळ धातू लागल्यावरही बोटभर पुढे जायचं. खड्ड्यात पांढरा ठिपका राहिला, तर तो वरच्या रंगाला पुन्हा फुगवणार. घाई म्हणून लोखंडी तारेचा ब्रश घेण्याचा मोह होतो. नका घेऊ. त्याचे कण अ‍ॅल्युमिनियममध्ये रुततात, आणि दोन धातूंमध्ये ओल आली की गंजाला नवं निमित्त मिळतं.

टायर बसतो त्या कडेवरही हाच भुरका साचतो. वरचेवर हवा कमी होत असेल, तर संशय तिथे घ्यावा. पण त्यासाठी टायर उतरवावा लागतो, आणि ते काम टायरवाल्याचं.

ओरखड्यापुरती लांबी (पुट्टी) भरली, घासून सपाट केली. हे पत्ते पाहिलेत? जुन्या कॅटमधले. टायर आणि रिमच्या फटीत एकेक खोचत गेलं, की मास्किंग टेपपेक्षा नेटका आडोसा होतो.

उघड्या धातूवर एच (etch) प्रायमर, म्हणजे धातूला घट्ट धरणारं अस्तर, कारण साधा रंग अ‍ॅल्युमिनियमला नीट धरत नाही. मग रंगाचे पातळ हात, दोन हातांमध्ये दहा-पंधरा मिनिटं. जाड हात दिला की ओघळ आलाच. शेवटी लॅकर. हार्डनर मिसळायचं लॅकर जास्त टिकतं, पण त्यातल्या आयसोसायनेट या घातक रसायनाला साधा मास्क पुरत नाही. घरी साधंच लॅकर बरं.

दोन जागा मात्र कोऱ्या ठेवायच्या: हबला (चाक ज्यावर बसतं त्या भागाला) टेकणारा मागचा भाग आणि नट बसतात त्या खाचा. तिथला रंग दाबाखाली चेपतो आणि आवळलेला नट ढिला पडतो.

लॅकर हाताला कोरडं लागलं, तरी आतून कडक व्हायला काही दिवस जातात. तोवर चाक बसवायची घाई नको. नट समोरासमोरचे आवळायचे, टॉर्क पान्याने, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या आकड्यापर्यंत. मग ५० ते १०० किलोमीटर झाले, की पाना पुन्हा लावून पाहायचा.