उभं धुराडं आणि आईचा तांब्या

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय मिनी ट्रॅक्टरच्या सायलेन्सरबद्दल. खालून बाजूला निघणारा सायलेन्सर काढून आम्ही घरच्या घरी उभा केला, त्याची ही हकीकत. घरच्या घरी म्हणजे काय, मापं आम्ही घेतली आणि चार दिवस वेल्डरच्या दारात बसून राहिलो.

आधी कारण सांगतो. माझा ट्रॅक्टर 15 एचपीचा, एका सिलिंडरचा, तासगावकडच्या द्राक्षबागेतून जुना घेतलेला. बागेत डोक्यावर मांडव. पाइप वेलीत अडकू नये म्हणून आधीच्या मालकानं सायलेन्सर खाली पोटाशी घेतला होता. त्याच्या जागी ते बरोबरच होतं. पण आम्ही वाळवा तालुक्यातले ऊसवाले. खोडव्यात, म्हणजे तोडणीनंतर पुन्हा फुटलेल्या उसात, सरीआड पाचट पडलेलं असतं. पाचट म्हणजे उसाचा पाला, वाळून कागद झालेला. बगला फोडताना, म्हणजे उसाच्या दोन्ही अंगची माती नांगरताना, एकदा मागं वळून बघतो तर पाचटातून धुराची बारीक रेघ निघालेली. बांधावर पाण्याची कळशी होती म्हणून निभावलं.

आणि पाचटाचा विषय निघालाच आहे तर सांगतो, ते पेटवू नका हो. कुजवा. गाडीभर शेणखताला पैसे मोजायचे आणि रानातलं फुकटचं खत काडी लावून आकाशात पाठवायचं, हा कसला हिशेब? असो. सायलेन्सर.

तर वेल्डरला म्हटलं, खडं धुराडं करून दे. इंजिनाच्या तोंडाशी जी भोकाची साइज होती, तेवढाच दीड इंची पाइप घेतला. त्याहून बारीक घेऊ नका, इंजिन गुदमरतं. पुन्हा सांगतो, बारीक पाइप नको. आणि पाण्याचा जीआय पाइप तर मुळीच नको. दुकानात तो स्वस्तात पडलेला असतो, पण त्यावर जस्ताचा थर असतो. वेल्डिंगला तो पांढरा धूर सोडतो आणि वेल्डर रात्री थंडीतापानं कुडकुडतो. काळा एमएस, म्हणजे साध्या पोलादाचा, पाइपच घ्या. वेल्डिंगआधी बॅटरीची वायर काढा. आधार द्यायचा तो इंजिनाच्या अंगाला, बॉनेटला नाही. एका सिलिंडरचं इंजिन थरथरतं, बॉनेटला बांधलेला पाइप महिन्याभरात जोडावर चिरतो. हात भाजू नये म्हणून भोकाच्या पत्र्याची जाळी लावली. झालं धुराडं.

एक गोष्ट मात्र आम्ही विसरलो. वरचं तोंड.

वळवाचे दिवस. ट्रॅक्टर अंगणात उभा. संध्याकाळी जो पाऊस आला तो रात्रभर. सकाळी मी किल्ली फिरवायला बसलो, तेवढ्यात आमचे ट्रॅक्टर दुरुस्त करणारे मिस्त्री दुधाची किटली घेऊन दारावरून चालले होते. त्यांनी वर धुराड्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि किटली खाली ठेवून ओरडले, "मालक, सेल मारू नका!"

सेल म्हणजे स्टार्टर. मला वाटलं बॅटरीचं काहीतरी असेल. ते म्हणाले, "हातानं फिरवून बघा." पुली हातानं फिरवली तर अर्ध्यात येऊन दगडासारखी थांबली.

आता हे नीट ऐका. पिस्टन वर टोकाला गेला की त्याच्या डोक्यावर जी जागा उरते ती अर्ध्या कप चहाएवढी. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. त्या जागेत पाणी भरलं आणि तुम्ही सेल मारला, तर वाकतो तो कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला जोडलेला दांडा. दीड इंची तोंडात 50 मिलिमीटर पाऊस सरळ पडला तर 57 मिलिलिटर पाणी होतं. आमच्याकडे त्या रात्री याहून जास्तच झाला असणार. आणि इंजिन बंद होताना धूर बाहेर जायचा व्हॉल्व्ह नेमका उघडा राहिला होता.

मिस्त्रींनी डिझेल फवारणारं नोझल काढलं, म्हणाले आता मारा सेल. कारंजं उडालं. काळं पाणी थेट माझ्या पांढऱ्या बनियनवर. वाचलं इंजिन. ऑइल मात्र सगळं बदलावं लागलं, ताकासारखं झालं होतं.

त्या रात्री पुन्हा ढग. मी शहाणा झालेलो. झाकायला काही सापडेना, म्हणून स्वयंपाकघरातून तांब्या उचलला. पितळी, पोटाला गोल, कल्हई केलेला. धुराड्यावर पालथा घातला तर वाऱ्यानं वाजायला लागला, म्हणून तोंडाशी फडकं गुंडाळून घट्ट बसवला. झोपलो निवांत.

सकाळी मिस्त्रींची आठवण ठेवून पुली हातानं फिरवून बघितली. मोकळी. सेल मारला. धक्, धक्, आणि बंद. पुन्हा मारला, पुन्हा बंद. तेव्हासुद्धा डोक्यात आलं नाही, बघा. तिसऱ्यांदा हातातला रेस पुरता ओढला आणि फाट्टकन आवाज झाला. तांब्या माडाच्या शेंड्याएवढा वर गेला आणि गोठ्याच्या पत्र्यावर आपटला. म्हशीनं दावं तोडलं. पत्र्यावरून घरंगळत तो थेट आईच्या पुढ्यात, तुळशीपाशी.

आईनं तो उचलला, उलटा केला, पदरानं पुसला. पोटावर नाव घातलेलं होतं. मला त्या अंधारात ते दिसलं नव्हतं. "मामांकडून सप्रेम भेट." तिच्या लग्नातला. अक्षरांच्या बरोबर मध्ये पोचा. ती काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. चहा मात्र मला दुपारी मिळाला.

तर तोंडाला झाकण करा. बिजागरीवरचं, मागच्या बाजूला वजन दिलेलं. इंजिन चालू झालं की धुराच्या जोरानं उघडतं, बंद झालं की आपोआप मिटतं. कोणताही वेल्डर पाव तासात करतो. ते जमलं नाही तर पाइपाचं टोक मागं वळवून तिरकं कापा. आणि सगळ्यात खालच्या वळणाला 3 मिलिमीटरचं भोक पाडा, आत गेलेलं पाणी तिथून ठिबकून जाईल. झाकण आणि भोक, दोन्ही. झाकण आणि भोक.

सायलेन्सरचं पोट मात्र काढून टाकू नका. हल्ली पोरं नुसती नळी ठेवतात, आवाज मोठा म्हणजे ताकद मोठी, अशी समजूत. ताकद वाढत नाही, कान जातात. वरातीतल्या डीजेनं गेलेत तेवढे पुरेत. शेडचा दरवाजाही मोजून घ्या. आमच्या शेजाऱ्यांनी धुराडं उभं केलं आणि ट्रॅक्टर आत नेताना चौकटच घेऊन गेले. आणि धुराडं कितीही उंच असलं तरी बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नका. त्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो. ट्रॅक्टर रस्त्यावर न्यायचा असेल तर बदल करण्याआधी आरटीओत विचारून घ्या.

तांब्या मी कासाराकडे नेला होता. पोचा निघेल म्हणाला, पण "सप्रेम"मधला "प्रे" जाईल. आईनं तो तसाच परत मागवला. पाहुणा आला की त्याच तांब्यानं पाणी देते, आणि पोचा माझ्या बाजूला करून ठेवते.

नमस्कार.