त्रिनिदादचा मँगो चाऊ, घरच्या घरी

त्रिनिदाद म्हणजे कॅरिबियनमधलं बेट, तिथल्या राजधानीहून, पोर्ट ऑफ स्पेनहून, माराकस बीचला जाणारा हा रस्ता बघा, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकन सैन्याने डोंगर फोडून केलेला, आणि वर जिथे सगळे गाडी बाजूला घेऊन समुद्र बघायला उतरतात ना, तिथेच हे स्टॉल लागतात. आंबा, अननस, काकडी, सगळं मिरची-लसणात मुरवलेलं. पिशवीत भरून देतात, टूथपिकने टोचून खायचं. हाच चाऊ.

आता आपल्याकडचा माणूस म्हणेल, कैरीला तिखट-मीठच लावलंय की! तसं नाहीये ते. ह्यात लाल तिखट नाही, जिरं नाही, चाट मसाला तर नाहीच नाही. सगळा मसाला ओला आणि कच्चा. आणि लसूण! फळाला कच्चा लसूण म्हटलं की लोक तोंड वाकडं करतात, पण माझं स्पष्ट मत आहे, लसूण गाळलात तर तो चाऊ नाही, ते सॅलड झालं.

तशी आपली माणसंही तिथे आहेतच. 30 मे 1845 ला ‘फतेल रझाक’ जहाज त्रिनिदादला लागलं, कलकत्त्याहून ऊसमळ्यांवर करारावर आणलेली माणसं घेऊन, आणि हे 1917 पर्यंत चालू राहिलं, बहुतेक सगळे उत्तर प्रदेश-बिहारकडचे. त्यांच्या घरांत आजही कैरीचं अमचार, म्हणजे लोणचं, होतं, किसून वाळवून तेल-मसाल्यातलं कुचेला होतं. पण चाऊ आता कुणा एकाचा राहिला नाही, त्रिनिदादमध्ये सगळेच खातात.

चला करूया. आंबा कच्चा हिरवागार नको आणि पिकलेला तर नकोच. पाडाला आलेला घ्या. हा कापलाय तो बघा, सालीजवळ फिकट पांढरट हिरवा आणि कोयीकडे पिवळा चढत गेलेला, बोटाने दाबला तर दबत नाही, पण सुरी घातली की थोडा रस सुटतो. असे दोन आंबे, साल काढून बोटाएवढ्या जाड फोडी. पातळ केल्या तर मिठाने लगेच लोळागोळा होतात.

मसाल्यात लसणाच्या तीन पाकळ्या, अर्धा चमचा मीठ, थोडी मिरपूड, अर्ध्या लिंबाचा रस. आणि ही लांबट, कडेला करवतीसारखे दाते असलेली पानं, हिला तिथे बंधनिया किंवा शॅडो बेनी म्हणतात. वास कोथिंबिरीचा पण कितीतरी उग्र, चार-पाच पानांत काम होतं. आपल्याकडे ईशान्य भारतात ही सर्रास मिळते, महाराष्ट्रात मिळणं कठीण, मग कोथिंबीर दुप्पट घ्या आणि देठ अजिबात टाकू नका, खरा वास देठातच असतो.

राहिली मिरची. तिथे स्कॉच बॉनेट नाहीतर तिच्याच जातकुळीतली एखादी तिखटजाळ मिरची वापरतात. तिखटपणा स्कोव्हिलमध्ये मोजतात, स्कॉच बॉनेट साधारण 1 लाख ते साडेतीन लाख स्कोव्हिल, मेक्सिकोची हालापेन्यो मिरची 2500 ते 8000, म्हणजे अंदाज घ्या. पण नुसती जळजळ नाही हो, तिला फळासारखा गोडसर वास आहे आणि तोच आंब्याशी जुळतो. मिळाली तर दोन माणसांना पाव मिरची खूप झाली, बिया काढून, हातात ग्लोव्हज घालून. नाही मिळाली तर आपली लवंगी घ्या, तिखटपणा येईल, तो वास मात्र येणार नाही.

सगळं बारीक चिरा किंवा खलबत्त्यात ठेचा, मिक्सर नको, मिक्सरमध्ये चटणी होते. फोडींवर घालून हातानेच कालवा आणि झाकून अर्धा तास फ्रीजमध्ये. मीठ फोडीतलं पाणी ओढून घेतं आणि त्या पाण्यात लसूण, मिरची, लिंबू सगळं उतरतं. चव आता घ्या, आधी नाही, कारण लगेच चाखलं की मीठ कमी वाटतं आणि आपण वरून घालत बसतो.

तळाशी जे पाणी साठतं ते ओतून देऊ नका, फोडी संपल्या की तिथे पिशवी तोंडाला लावून ते पितात.

अननसाचाही असाच करायचा, फक्त लिंबू कमी, मिरपूड जास्त. काकडीचा मात्र केल्या केल्या संपवा, ती फार पाणी सोडते.